गौरीशंकर मास्तरांची दवंडी

आमचे राजूरचे मास्तर जगातली कुठलीही उंची कळसूबाईत मोजत. "जे रोज डोळ्यांना दिसतं, त्यानं मोजावं," म्हणत. जगातला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे पाच कळसूबाया एकीवर एक रचायच्या आणि वर एक टेकडी ठेवायची. त्या डोंगराचं नाव ते गौरीशंकर सांगत, आणि इतक्यांदा सांगत की गावानं त्यांनाच गौरीशंकर मास्तर करून टाकलं.

डोंगराच्या गोष्टी निघाल्या की शाळा सुटली तरी आम्ही उठत नसू. तिथं पाणी लवकर उकळतं, पण डाळ काही केल्या शिजत नाही. हे ऐकून माझी अम्मी म्हणाली होती, "मग तिथं कोण मरायला जातंय?" हिमालय एके काळी समुद्राच्या तळाशी होता, हे पटवायला मास्तर घरच्या देवातला शाळिग्राम रुमालात बांधून आणत आणि त्यातलं शंखासारखं वेटोळं दाखवत. माझ्याही हातात देत. डोंगर मोजणारे पायथ्यालासुद्धा गेले नव्हते, शंभर मैलांवरून दुर्बिणीनं मोजला, हे सांगून झालं की म्हणायचे, "लांबून बघा, पण नीट बघा."

माझ्या अब्बांचं बाजारात किराणा दुकान. चौथीनंतर मला घरी बसवायचं जवळजवळ ठरलं होतं. मास्तर दुकानात येऊन म्हणाले, "पोरगी हुशार आहे, सातवीपर्यंत राहू द्या."  अब्बा म्हणाले, "मास्तर, तुमचा शब्द खोटा पडलेला कधी ऐकला नाही, म्हणून पाठवतो." माझी शाळा त्या एका वाक्यावर टांगलेली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा मास्तरांचा एक जुना विद्यार्थी फौजेतून रजेवर आला. आमच्यासमोरच चाचरत म्हणाला, "मास्तर, रागावू नका. मी दार्जिलिंगकडं हुतो. गौरीशंकर येगळा हाय अन् एव्हरेस्ट येगळा. लई उंच तो एव्हरेस्ट."  रविवारी मास्तर तालुक्याला, अकोल्याला जाऊन मोठा नकाशा पाहून आले, ते उतरलेल्या चेहऱ्यानंच.

दुसरे गुरुजी म्हणाले, "अहो, इथून कोण बघायला जातंय? सोडून द्या."

"माझ्यावर भरवसा ठेवणाऱ्यांना मीच सांगायला हवं," मास्तर म्हणाले. पण त्यांचे जुने विद्यार्थी पंचक्रोशीभर विखुरलेले. एकेकाला कुठं गाठणार? बाजाराला मात्र झाडून सगळे राजुरात येत, म्हणून बाजाराच्या दिवशी सरळ दवंडी पिटवली.

"ऐका हो ऐका! मास्तरांनी सांगितलेला गौरीशंकर सगळ्यात उंच न्हाई! उंच त्यो एव्हरेस्ट हो! मास्तरांची चूक झाली हाय!" हलगीमागं मास्तर स्वतः चालत होते, मान खाली न घालता. बाजार खो खो हसला. एका म्हातारीनं त्यांना अडवून विचारलं, "मंग आमची कळसूबाई बारकी झाली का काय?" मास्तर म्हणाले, "ती आहे तेवढीच आहे, आजी. मीच कमी पडलो."

मी दुकानात गोण्यांआड उभी होते. अब्बा दारात तागडी धरून ऐकत होते.  झालं, म्हटलं, सुटली शाळा.

अब्बांनी तागडी खाली ठेवली आणि मास्तरांना हाक मारली. "मास्तर, माप चुकलं म्हणून दवंडी दिलेला माणूस या बाजारात मी पाहिला नाही. मीही कधी दिली नाही." मग चहा सांगितला आणि म्हणाले, "पोरगी तुमच्याकडंच शिकेल."

पुढं मास्तरांची नेवाशाला बदली झाली. गाव निरोप द्यायला लोटलं आणि जो तो म्हणत होता, गौरीशंकर मास्तर चालले. ते हसून मला म्हणाले, "दवंडी फुकट गेली बघ." त्यांना काय ठाऊक, ती कुणाच्या कामी आली होती ते! त्यानंतर ते मला भेटले नाहीत.

मी सातवी झाले, मास्तरीण झाले. वर्गात काही चुकीचं सांगून बसले, तर दुसऱ्या दिवशी टेबलावर थाप मारते आणि म्हणते, "ऐका हो ऐका." पोरी हसतात. हसू देत. त्यांच्यात एखादी तरी असतेच, जिची शाळा माझ्या शब्दावर टांगलेली असते.