जंगलरस्त्यावरची तार

नोकरीत गुन्हे पुष्कळ पाहिले, पण येडशीच्या जंगलातल्या त्या तारेची आठवण झाली की आजही जीव घाबरा होतो.

मी तेव्हा फौजदार होतो. वर्ष दुष्काळाचे. श्रावण लागला तरी आभाळ कोरडे होते. रामलिंगाच्या जंगलातून एक कच्चा रस्ता जायचा. त्यावरून श्रावणात भाविक देवळाकडे अनवाणी चालत, दूधवाले सायकलला कॅन अडकवून डेअरीला येत. दुष्काळी कामे निघाली आणि त्याच रस्त्याने खडीचे ट्रक धावू लागले. ट्रक गेला की धुळीत पुढचा माणूस दिसत नसे.

गावात दोन तट पडले. एक म्हणे, जंगलातला रस्ता मोटारींना बंद करा, ट्रक हमरस्त्याने फिरून जाऊ द्या. दुसरा म्हणे, ट्रक फिरून गेले तर खडी वेळेवर येणार नाही, मग मजुरांना काम कुठून मिळणार? बोलणे दोघांचेही खरे होते. तहसीलदारांनी बैठक घेतली आणि निर्णय पुढे ढकलला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी उताराच्या वळणावर, रस्त्यावर आडवी ताणलेली तार एका दूधवाल्याच्या गळ्याला लागली. जीव वाचला, पण आवाज गेला. त्याला उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात पाठवून मी पंचनामा केला. दोन झाडांना बांधलेली जाड तार, वाहून गेलेले दूध आणि वाकडे झालेले पुढचे चाक.

दुपारपर्यंत चौकीसमोर जमाव जमला. ट्रक जाळायची भाषा सुरू झाली. माझ्याजवळ मोजके शिपाई होते. तेवढ्यात स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने खबर दिली की एक ट्रकचालक आदल्या दिवशी "या सायकलवाल्यांना एकदा दाखवतोच" असे बोलला होता. त्याला उचलून आणले. तो घामाने भिजला होता, पण एकाच गोष्टीवर ठाम होता.

"साहेब, बोललो म्या, न्हाय म्हणत न्हाय. पण सकाळची पहिली खेप माझीच असती. माझ्याच वाटंत म्या तार कशाला बांधू?"

त्याच्या बोलण्यात तथ्य होते. पण त्याला सोडले असते तर बाहेर लोकांनी त्याला जिवंत ठेवले नसते. म्हणून आतच बसवून ठेवले.

जमावाच्या वतीने बोलायला एक निवृत्त गुरुजी चार-पाच जणांसह आत आले. रस्ता बंद करण्याच्या मागणीत तेच पुढे होते. सगळा गाव त्यांना मानायचा. इतर लोक संतापाने माझ्याकडे पाहत होते. गुरुजी मात्र खिडकीतून रस्त्याकडे पाहत होते. ट्रकचालकाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

"साहेब, रस्ता दोन्हीकडून बंद केलाय ना?" त्यांनी विचारले.

"येडशीकडून केलाय," आमचे हवालदार म्हणाले.

"आन् पलीकडून? काल तिकडं बाजार होता. मुक्कामाला ऱ्हायलेली माणसं आज सायकलवर परत येत्यात."

मी सगळ्यांना बाहेर पाठवले, दार लोटले आणि त्यांच्यासमोर बसलो.

"गुरुजी, पलीकडे काय आहे?"

ते म्हणाले, "दुसरी तार. साहेब, ट्रकवाल्यानं थांबावं, उतरावं, रोज उतरून कंटाळावं, एवढंच मनात होतं. दिसावी म्हणून तांबडी चिंधी बांधली होती हो! सकाळपासून लोकांनी मला सोडलंच न्हाय. कसा जाऊ सोडायला?"

त्यांना जीपमध्ये घालून आम्ही निघालो. चालणारी माणसे, बायका, पोरे जीप पाहून काट्याकुट्यांत उड्या घेत होती. ज्या वेगाच्या तक्रारी लोक माझ्याकडे घेऊन येत, त्याच वेगाने मी जात होतो आणि चालकाला वेग कमी कर असे म्हणायचे धाडस मला होत नव्हते.

खिंड ओलांडली तर समोरच्या टेकाडावरून एक सायकल उताराला लागलेली. नळीवर लहान मूल, मागे बायको. हवालदार धावत्या जीपमधून उतरले आणि हात हलवत, ओरडत पळाले. सायकल कडेला जाऊन पडली. तिघांचेही कोपर-गुडघे सोलवटले, एवढ्यावर निभावले. त्यांच्यापुढे थोड्याच अंतरावर तार होती. चिंधीही होती. धुळीने ती इतकी मातकट झाली होती की रस्त्यापासून वेगळी दिसत नव्हती. गुरुजी बोटांनी चिंधीवरची धूळ झटकू लागले. मी तार सोडवली.

गुरुजींचा कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यांसमोर झाला. त्यांनी वकील दिला नाही. शिक्षा झाली. पुढे श्रावणापुरता तो रस्ता मोटारींना बंद करण्याचा हुकूम निघाला, पण त्याचा आनंद करायला कोणी चौकात आले नाही.

दवाखान्यात दूधवाल्याची माफी मागायची गुरुजींची फार इच्छा होती. कोर्टात नेण्याआधी मी त्यांना तिथे नेले होते. दूधवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवले. त्याची बायको उठून उभी राहिली. तीही गुरुजींच्या शाळेत शिकलेली.

"गुरुजी," ती म्हणाली, "ट्रकची भीती वाटायची, तर आमी बाजूला तरी व्हायचो. तुमची भीती कधी वाटलीच न्हाय."

त्या दिवसापासून कोणत्याही वादात मी धमक्या देणाऱ्यांच्या नावांची नोंद घेतलीच, पण आपल्या बाजूच्या खरेपणाबद्दल ज्याला तिळमात्र शंका उरलेली नाही, अशा माणसाच्या घरीही एक चक्कर मारत गेलो.