लहानीसाठी राखलेली वडी
सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, चिरायला घेतली की इतवारीतल्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. माय तेव्हा सगळं विसरत चालली होती, मलाही ओळखत नव्हती. तिला न्हाऊ घालायची मी, भरवायची मी. त्या दुपारी मी स्टोव्हवर तळलेल्या सांबारवड्यांतली एक तिनं पदरात लपवली. "मले दे ना वं माय," मी हात पुढे केला. "तुले काहून? माही लहानी शाळेतून येऊन राहिली, तिले पाहिजे." चाळिशीतली बाई मी, पण जीव नुसता जळला. माय दाराकडेच बघत होती, माझ्याकडे एकदाही नाही. ती लहानी म्हणजे मीच. आज सत्तरी ओलांडली, तरी त्या पोरीचा हेवा वाटतो. तिची वाट बघणारी माय होती.