दोन वयांचा एलिएसेर

एलिएसेर सतराचा झाला, तरी त्याला मिसरूड फुटलं नव्हतं आणि आवाज पोरीसारखाच होता. आसुआ गावच्या बेसबॉल मैदानावरची पोरं अंघोळीच्या वेळी त्याला घेरायची. "काय गं, आज तरी कपडे काढशील ना?" तो घामट कपड्यांतच घरी पळायचा.

राजधानीतल्या डॉक्टरीणबाईंनी मनगटाचा एक्स-रे पाहिला. "आजार नाही रे, वयात यायला उशीर होतोय. महिन्याला एक, अशी सहा इंजेक्शनं घे. होशील बाप्या." परतीच्या बसमध्ये तो सारखा हसत होता.

त्याहून जास्त हसला ओनेसिमो, पोरांना खेळ शिकवून क्लबांना विकणारा मैदानाचा मास्तर. एक्स-रेत हाडं चौदाची! परदेशी क्लब सोळा पुरे झालेली पोरं उचलतात, त्यापुढे भाव उतरतो. त्यानं एलिएसेरच्या मावसभावाचा जन्मदाखला आणून त्याला पंधराचा केला. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत अख्ख्या गल्लीनं नवं वय पाठ केलं. असल्या कामाला तिथे कुणीच नाही म्हणत नाही.

"इंजेक्शनं बंद. याचं कोवळेपणच विकायचंय."

"मास्तर, पण पोरं मला..."

"पोरांचं काय घेऊन बसलास? वर्षभर कळ काढ."

आईनं, तोमासिनानं, औषधं शिवणाच्या पेटीत कुलूपबंद केली. पोटच्या पोराचं रडणं ऐकूनही तिला पाझर फुटला नाही.

क्लबच्या कराराला तीन महिने उरले तेव्हा एलिएसेरनं कुलूप फोडलं. गल्लीत सुया टोचणाऱ्या बाईकडून तीन इंजेक्शनं घेतली. जूनमध्ये आवाज फुटला. त्या दिवशी अंघोळीला सगळ्यांत आधी कपडे काढले ते त्यानं. एवढा आनंद त्याला जन्मात झाला नव्हता.

करारापूर्वी क्लबनं लघवी तपासली. पुरुषी हार्मोन सापडलं.

"ताकदीची औषधं घेतोस? डॉक्टरची चिठ्ठी असेल तर दाखव, नाहीतर नाव कायमचं कापतो," क्लबचा माणूस म्हणाला.

चिठ्ठी तोमासिनाच्या पर्समध्येच होती. त्या चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, वय सतरा.

"चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, साहेब," ती म्हणाली. "कार्टंच वाया गेलेलं."

नाव कापलं गेलं. बाहेर रस्त्यावर तिनं त्याच्या थोबाडीत दिली. "आणखी तीन महिने पोरीसारखा राहिला असतास, तर मेला असतास का रे?"

"हो," एलिएसेर म्हणाला.