आडवी चंद्रकोर

आधी खालांचं सांगतो. भिंगारला ज्यांच्या घरातली एक खोली भाड्याने घेऊन मी राहतो, त्या विधवा मुसलमान बाईंना सगळी गल्ली खाला म्हणते. त्या नसत्या तर स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस मी कोठडीत काढला असता. हे आधी सांगायचं कारण, त्या दिवसांत माझा सगळ्यात जास्त संशय त्यांच्यावरच होता.

मी मालवणकडचा. मराठी तिसरीतच शाळा सुटली. लढाईच्या वेळी लष्कराचे कपडे शिवायला नगरला आलो आणि लढाई संपल्यावरही इथेच राहिलो. अठ्ठेचाळीसच्या ऑगस्टात छावणीतला एक कारकून आला. दार लोटून घेऊन म्हणाला, "पंधरा तारखेला तुर्कस्तानचे पाहुणे येताहेत. आपल्या झेंड्याशेजारी त्यांचा लावायचाय. आपला देश नवा, दोस्ती वाढवायचीय. लाल कापड, त्यावर पांढरी चंद्रकोर, पुढे चांदणी. जमेल?"

"जमेल. पण एक चिठ्ठी द्या ना."

"चिठ्ठी कशाला? तोंडी सांगतोय ना! आणि बोभाटा करू नका."

दिवस वाईट होते. निजामाची हद्द जवळ, रझाकारांच्या बातम्या रोजच्या. परका माणूस दिसला की लोक आधी त्याची पिशवी बघायचे, मग तोंड. मीही तसाच झालो होतो. मधल्या कुडापलीकडे खालांची पावलं थांबली की मी मशीन थांबवायचो. त्या ऐकत होत्या. कशासाठी? कोणाला सांगणार होत्या? एकदा न राहवून विचारलं, "खाला, काही हवं होतं?"

"कुछ नहीं बाबा. मांजर बघते."

त्यांच्याकडे मांजर नव्हतं.

तेरा तारखेला दुपारी समोरचा हॉटेलवाला विडीसाठी काडी मागायला आत शिरला. माझ्या मांडीवर लाल कापड, त्यावर टाचलेला चंद्र. काडी न घेताच तो मागे फिरला. थोड्या वेळात दाराशी वीस-पंचवीस माणसं जमली. पुढे चौकीवरचा हवालदार.

"कुणाचा झेंडा रे?"

"तुर्कस्तानचा."

"ऐका! भिंगारात तुर्कस्तान!" हवालदार गर्दीकडे वळून म्हणाला.

"अवो, पाकिस्तानचा हिरवा असतो. ह्यो तांबडा हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

"रंग बदलला म्हंजी काय? चांद तर त्योच हाय!"

"शिवायला सांगितलं कुणी?" हवालदाराने विचारलं.

मला कारकुनाचं आडनावही ठाऊक नव्हतं. चिठ्ठी नव्हती. इतक्या दूर माझ्यासाठी शब्द टाकील असं माणूस नव्हतं. घाबरून तोंडातून गावची बोली निघाली, "माका काय एक ठावक नाय, देवाशपथ!"

"बघा, बघा! उर्दू बोलाया लागला!" हॉटेलवाला ओरडला.

हवालदाराने माझं मनगट धरलं. मला वाटलं, चुगली खालांचीच. हॉटेलवाला नुसतं निमित्त.

तेवढ्यात खाला बाहेर आल्या. त्या गर्दीत मुसलमान बाईने त्या कापडाला हात लावणं म्हणजे काय, हे मला तेव्हा सुचलंही नाही. त्यांनी ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं.

"हा चांद? उरसाचे झेंडे मी साठ वर्षं बघते. त्यावरचा चांद उभा असतो, चांदणीकडं तोंड करून. ह्यो तर आडवा पडलाय, शिंगं वर. हवालदार, ही तुमच्या बायकांच्या कपाळावरची कोर हाय! या येड्या कोकण्यानं झेंड्याला कुंकू लावलंय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग हवालदारही हसला. कारकून 'चंद्रकोर' म्हणाला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बायांच्या कपाळावरचीच आली होती, हे मला तेव्हा कळलं.

पण हवालदाराने मनगट सोडलं नाही. "ते खरं. पण सांगितलं कुणी?"

"छावणीतल्या कारकुनानं. मी कुडाआडून समदं ऐकलंय."

"चोरून ऐकत हुतीस व्हय गं म्हातारे?" हॉटेलवाला म्हणाला.

"घर माझं, कूड माझा, कान माझे! दार लोटून याच्याकडं कोण येतं, ते मी बघायचं न्हाई? मलाबी याचा शकच हुता."

मग हवालदार मला घेऊन निघाला, तशा खालाही छावणीच्या फाटकापर्यंत चालत आल्या. मी वर्णन सांगितलं तसं कारकुनाला बाहेर बोलावलं. तो आधी म्हणाला, "मी? कुठला झेंडा?"

खाला जागच्या हलल्या नाहीत. "दोस्ती वाढवायचीय म्हणालास ना? 'बोभाटा करू नका' म्हणालास ना? मग आता बोल."

कारकुनाने माझ्याकडे न बघता मान हलवली. हवालदाराने मनगट सोडलं.

संध्याकाळी खालांनी मोठ्या ताटावर लहान ताट सरकवून मला उभा चांद आखून दाखवला. पंधरा तारखेला दोन्ही झेंडे शेजारी चढले, पाहुण्यांनी हात मिळवले, असं म्हणतात. मी गेलो नाही. बँड खोलीत ऐकू आला तेवढाच.

पुढच्याच महिन्यात निजामावर फौजा गेल्या आणि गल्लीतले लोक खालांकडेच संशयाने बघू लागले. त्यांच्या दाराशी अजून कोणी आलेलं नाही. पण आलंच, तर मी बाहेर येईन. चौकीपर्यंत जाईन, फाटकापर्यंत जाईन. लोक माझ्या बोलण्याला उर्दू म्हणोत नाहीतर आणखी काही, या बाईला मी ओळखतो, असं सांगेन आणि ते पटेपर्यंत तिथून हलणार नाही.