सगळ्यांच्या मागे

"पुढे कोण आहे ते सगळ्यांनाच दिसतं, मागे कोण राहिलं ते दिसायला कुणीतरी मागेच राहावं लागतं," असं बाबा एकदा म्हणाले होते. उपदेश करायचा म्हणून नव्हे. एका पाहुण्याने त्यांना डिवचलं होतं, की वाटाडे म्हणवता आणि चालता सगळ्यांच्या शेवटी, वाट माहीत नाही की काय. बाबांनी बुटाची नाडी आवळता आवळता एवढं बोलून टाकलं आणि ते पुन्हा सगळ्यांच्या मागून चालू लागले. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. त्या ओळीत ती मधेच कुठेतरी चालत होती, आणि आपल्या पाठीशी बाबांच्या बुटांचा आवाज आहे म्हणून तिला मागे वळून बघावंसंही वाटलं नव्हतं.

गावाच्या वरच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो, तिथे त्यांचं घर. खाली स्वयंपाकघर आणि लांबलचक टेबल, वर पाहुण्यांच्या खोल्या. लाकडी जमिनीवर वर कुणी कूस बदलली तरी खाली कळायचं. घर आईचं, तिच्या बापाकडून आलेलं. बाबा रस्ता बांधणाऱ्या टोळीतून आले होते. "रस्ता माझ्या दारात येऊन संपला आणि हेही इथेच संपले," असं आई पाहुण्यांना सांगायची, आणि बाबा मान खाली घालून पाव कापत राहायचे. त्यांच्या कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल व्हायच्या.

उन्हाळ्यात शहरातली कुटुंबं येत. त्यांना आराम नको असायचा. घरी चार भिंतींत एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून हातापायांना काम हवं असायचं. तळ्यात होड्या वल्हवायच्या, ओढ्यावर बांधलेल्या दोराला लोंबकळत पलीकडे जायचं, उतारावर सायकली हाणायच्या आणि शेवटी खिंडीपर्यंतची मोठी चढाई. या चढाईत आई पुढे आणि बाबा मागे. मधे पाहुणे.

घरातून निघताना प्रत्येकाने स्वतःसाठी एक शब्द निवडायचा. वाटेत वळण आलं, झाडी दाट झाली किंवा धुकं उतरलं की आई थांबायची आणि ओरडायची, "डोकं." तिच्या मागच्याने आपला शब्द सांगायचा, मग त्याच्या मागच्याने, असं करत हाक ओळीतून खाली सरकायची आणि शेवटी बाबांचा जाडाभरडा आवाज यायचा, "शेपूट." तो आला की आई चालायला लागायची. "या घराचं डोकं मी, शेपूट हे, आणि मधलं पोट पाहुण्यांचं. तेवढंच भरायचं काम," असं तिचं ठरलेलं बोलणं होतं. पोरंसोरं बाबांना शेपूटकाका म्हणत. बाबांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. तो त्यांचा हुद्दाच होता.

लहान मुलांना मात्र बाबा निघताना गुडघ्यावर बसून एक गोष्ट बजावायचे. "मागे वळून बघितलंस आणि मी दिसलो नाही, तर आहेस तिथे बसायचं. एक पाऊलही हलायचं नाही. मी येणारच आहे."

गेल्या हिवाळ्यात आईच्या छातीत कफ भरला. बर्फ पडत होतं. खालच्या शहरातून गाडी आली तेव्हा तिच्यात आईसोबत एकाचीच जागा होती. मुलगी चढली. बाबांनी आईच्या पायांवर घोंगडी नीट खोचली आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी चूल विझवतो, मेंढ्यांना चारा टाकतो आणि मागून येतो." रात्रीतून रस्ता बंद झाला. तो उघडेपर्यंत आई गेली होती. बाबा पोचले तेव्हा हॉस्पिटलमधली खाट रिकामी होती आणि गादी उन्हाला टाकली होती. ते त्या गादीपाशी जाऊन उभे राहिले. रडले वगैरे नाहीत. कुणाला तरी जागा करून द्यावी तसे जरा बाजूला सरकले, एवढंच.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मुलीच्या नवऱ्याने विषय काढला. तो सायकली दुरुस्त करत होता, हात ग्रीसने बरबटलेले.

"यंदा बाबांना डोंगरावर नको नेऊस."

"का?"

"अगं, काल कोंबड्यांना दोनदा दाणे टाकले. परवा टेबलावर एक ताट जास्त मांडलं."

"माणूस आहे. चुकतो."

"इथे चुकले तर कोंबड्या जाड होतात. तिकडे चुकले तर काय होतं ते तुला मी सांगायला हवं का?"

तिने स्पोकमध्ये अडकलेलं गवत ओढून काढलं. "त्यांचं मागे चालणंही काढून घेतलं तर त्यांच्यापाशी उरतं काय?" ती म्हणाली. "ते चालतील. जबाबदारी माझी."

नवऱ्याने पुन्हा पाना हातात घेतला. तिने जबाबदारी म्हटलं की तो गप्प बसत असे. तिच्या आईपुढेही तो असाच गप्प बसायचा.

पुढे चालायचं आता मुलीकडे आलं. पण 'डोकं' हा शब्द तिच्या तोंडून निघेना. तळ्याकाठी एकटीने उभं राहून तिने म्हणून पाहिला. दुसऱ्याचे कपडे अंगात घातल्यासारखं वाटलं. मग तिने गळ्यात शिट्टी अडकवली. "बाबा, मी शिट्टी वाजवीन. शिट्टी म्हणजे मी, म्हणजे पुढचा माणूस. चालेल ना?" बाबा म्हणाले, "चालेल की." आणि सुरुवातीच्या दोन-तीन कुटुंबांबरोबर चाललंही.

मग हे चौघं आले. बाप जाडसर, विनोदी. आई सडपातळ, सारखी कुणाच्या ना कुणाच्या जॅकेटची चेन लावणारी. मिसरूड फुटलेला मुलगा आणि सात-आठ वर्षांची मुलगी. पहिल्याच दिवशी होडी उलटवून बाप गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मी मुद्दाम केलं, बरं का." त्याची बायको कितीतरी दिवसांनी हसत असावी, कारण हसताना तिने तोंडावर हात धरला. धाकटी बाबांना चिकटली. ती सांगेल ते बाबा ऐकत, आणि बाबा सांगतील ते ती.

चढाईच्या सकाळी शब्द ठरले. बाप म्हणाला, "मी पगार. सगळे वाट बघतात आणि आलो की लगेच संपतो." आई 'सुट्टी' झाली. मुलगा मोबाइल वर धरत म्हणाला, "मी नेटवर्क." "म्हणजे तुझा पत्ताच लागणार नाही," बाप म्हणाला. धाकटी खूप विचार करून 'मुंगी' झाली. बाबा तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी नेहमीचं बजावलं. तिने मान डोलावली.

चढताना ऊन होतं. शिट्टी, पगार, सुट्टी, नेटवर्क, मुंगी, शेपूट. खिंडीत पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. बापाने वाऱ्यावर टोपी घालवली आणि तिला निरोपाचा हात केला. उतरायला लागले आणि धुकं आलं. ते वरून उतरलं नाही, खालून दरीतून चढत आलं, उतू जाणाऱ्या दुधासारखं, आणि बघता बघता पुढच्याचे बूट तेवढे दिसू लागले. वारा मुलीच्या तोंडावर येत होता. तिने थांबून शिट्टी फुंकली. मागून पगार आला, सुट्टी आली. मग अस्पष्ट काहीतरी, मुलाचा आवाज, धाकटीचा बारीक आवाज आणि अगदी शेवटी 'शेपूट'. ती चालू लागली. एका बाजूला घळ, सुट्या दगडांची. तिने प्रत्येक पाऊल आधी चाचपलं आणि मग टाकलं.

पुढच्या वळणाआधी तिला हाक ऐकू आली. आधी वाटलं, वाऱ्याचा भास आहे. मग पुन्हा आली, स्वच्छ.

"डोकं... अगं डोकं, कुठे आहेस तू?"

आवाज बाबांचा होता. आणि पुढून येत होता. त्या वाटेवर तिच्या पुढे कुणीही असायला नको होतं.

बाबा पुढे असतील, तर मागे कोण? तिने शिट्टी फुंकली. पगार. सुट्टी. नेटवर्क. नंतर काहीच नाही. फक्त वारा.

"मुंगी कुठाय?" पोरीच्या आईने विचारलं, अगदी हळू.

"माझ्या मागेच होती," मुलगा म्हणाला. "आत्ता तर होती."

मुलीने तिघांना कड्याला पाठ लावून बसवलं, हलू नका म्हणून सांगितलं आणि ती मागे वळली. बरंच मागे, जिथे वाट सगळ्यात अरुंद होते तिथे, पोर एका दगडावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. केस भिजून गालाला चिकटलेले, ओठ निळे पडलेले. तिच्यापासून हातभर अंतरावर घळ सुरू होत होती.

"मी अजिबात हलले नाही," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "काका दिसले नाहीत म्हणून बसले."

मुलीने तिला आपल्या जॅकेटच्या आत घेतलं. ते थंडगार अंग छातीशी धरून ती परत निघाली.

बाबा वळणावर भेटले. वरच्या अंगाने मेंढ्यांची एक आडवाट जाते, वळसा तोडून पुढे निघते. ते त्या वाटेने धावत गेले होते. पँट गुडघ्यावर फाटली होती. जॅकेटमधल्या पोरीकडे त्यांनी पाहिलं.

"बाबा, तुम्ही जागा सोडलीत?"

"डोकं आलं नाही," ते म्हणाले. "पगारपासूनच सुरू झालं. डोक्याचा आवाजच नव्हता, पोरी. म्हटलं, पुढे गेली आणि सापडेना."

"मी शिट्टी वाजवली होती, बाबा."

"शिट्टी," ते म्हणाले. हा शब्द कुठेतरी ऐकलाय, पण कुठे ते आठवत नाही, असा त्यांचा चेहरा झाला. मग हळूहळू आठवलं, आणि ते आठवताना पाहणं जास्त वाईट होतं. "हो. शिट्टी ना." स्वतःशीच बोलल्यासारखं ते म्हणाले, "या खेपेला मागे राहायचं नाही, एवढंच डोक्यात होतं."

घरी पोचेपर्यंत हाका झाल्या, पण शब्दांत जीव नव्हता. शेवटी बाबा चालत होते, आणि पोरीची आई दर थोड्या वेळाने मागे वळून, ते आहेत ना, बघत होती.

संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरात होते. चुलीजवळ पोर घोंगडीत गुंडाळून बसली होती, पाय कोमट पाण्याच्या बादलीत. टेबलावर सूप आणि बटाटे होते, आणि कुणालाच भूक नव्हती. बाबा टेबलाच्या टोकाला पाव कापत होते. जाड, पातळ, जाड. असे वेडेवाकडे तुकडे त्यांनी कधी कापले नव्हते.

"आम्ही उद्या सकाळी निघतो म्हणते," पोरीची आई म्हणाली.

"मला ओढ्यावरचा दोर करायचाय," पोर म्हणाली.

"तू गप्प बस."

"झालं ते झालं," बाप म्हणाला. तो विनोद शोधत होता, पण त्याला सापडत नव्हता. "काकांनाही वाईट वाटतंयच ना. पोर सुखरूप आहे. दोन दिवस तर राहिलेत."

"मी कुणाला दोष देत नाहीये," ती म्हणाली, आणि मग बाबांच्या मुलीकडे वळून सरळ विचारलं, "उद्या आम्ही राहिलो, तर मागे कोण असणार आहे?"

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या वाटीत बघत होता. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला असता तर तिला भांडता आलं असतं. बाबांकडे बघायचा तिला धीर होईना. तो शब्द मी उच्चारला असता तर, हे तिच्या मनात आलं, आणि हेही, की आता ते या टेबलावर सांगून काय उपयोग. जबाबदारी माझी, असं तिनेच म्हटलं होतं.

"मागे आमचे हे असतील," ती म्हणाली. पाहुण्यांना खोलीचं भाडं सांगताना जो आवाज लावायची, तोच लागला. "उद्याही, आणि यापुढेही. मी पुढे, हे मागे."

पाव कापायचा आवाज थांबला.

"आणि शेपूटकाका?" पोरीने विचारलं. "ते कुठे चालणार?"

तिच्या आईने तिच्या खांद्यावरून घसरलेली घोंगडी वर ओढली. पोर मग बाबांनाच म्हणाली, "मी तुमचं ऐकलं की नाही? तुम्ही सांगितलं तशी बसून राहिले होते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी सुरी फडक्याला पुसली आणि पावाशेजारी ठेवली. टेबलावरचा चुरा एका हाताने दुसऱ्या हातात गोळा केला, चुलीत टाकला, आणि पोरीच्या बादलीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून तिच्या बाजूने गेले. दार उघडलं, बाहेर गेले, आणि पाहुणे वर झोपलेले असताना ओढून घेत तसं दार अगदी हळूच ओढून घेतलं.