अर्ध्या भाकरीतले चतकोर
साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की कसबा बावड्यातल्या आमच्या वर्गात मळीचा आंबूस वास भरतो आणि तासाला कधीच न बोलणारी एक विद्यार्थिनी मला आठवते. त्या वर्षी शाळेत एआयचं ॲप असलेला टॅब नवा आला होता. मधल्या सुट्टीत मी विसरलेला चष्मा न्यायला वर्गात परतले, तर ती एकटीच टॅबला विचारत होती, "अपूर्णांकानं भागताना तो उलटा का करायचा?" टॅबने समजावलं. "न्हाय कळलं, परत सांग की." असं पाच वेळा झालं. मग टॅबने विचारलं, अर्ध्या भाकरीत चतकोर किती बसतात? "दोन," म्हणून ती खुदकन हसली. मी म्हटलं, "मला का नाही विचारलंस गं?" ती दचकून उभी राहिली. "विचारलंतं की बाई, एकदा. तुमी म्हणलासा, लक्ष कुठं हाय?" मला ते आठवेना, पण शब्द माझेच होते. मी तिच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हटलं, "आता मला शिकव." तिने वहीत भाकरी काढली, तिचे चतकोर पाडले आणि माझ्याकडे न बघता सावकाश समजावलं. आता ती हायस्कूलला गेली आहे. ते गणित मी अजून तिच्यासारखंच शिकवते, आणि कुणी परत विचारलं तर परत शिकवते.