हूं कोण म्हणणार?

माझी शाळा तिसरीपर्यंत. त्यामुळं विद्वानांच्या सभेत मला बोलावलं होतं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. बोलावलं होतं, छापील पत्रिकेत नावापुढं 'लोककथाकार' लावलं होतं, आणि मी गोष्ट अर्ध्यात सोडून खाली बसलो, हेही खरं. का बसलो ते मात्र त्यांनी चुकीचं छापलं. म्हणून हे लिहितो.

ओळीनं दुष्काळ पडले तेव्हा पैठणकडं मेंढरं विकून मी पोराच्या घरी शहरात, पुंडलिकनगरला आलो. शहर तोवर असं सुटलं होतं की ज्या माळांवर मी मेंढरं चारली, तिथं प्लॉटचे दगड रोवले होते. नात तेव्हा लहान. टँकरची वाट बघत ओट्यावर बसलो की तिला लंगड्या मेंढीची गोष्ट सांगायचो.

आमच्यात गोष्ट सांगायची रीत आहे. सांगणाऱ्यानं एक वाक्य टाकायचं, ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. हूं आलं नाय तर गोष्ट तिथंच थांबते. ही मेंढी तर पाणी शोधायला निघालेली आणि ऐकणाऱ्याच्या हूंवर एकेक पाऊल टाकणारी. पोर पेंगलं की मेंढी उभी. नात डोळे चोळत हूं हूं करायची आणि मेंढीला पाण्यापर्यंत न्यायची.

पुढं तीच नात विद्यापीठात बालसाहित्यावर संशोधन करायला लागली. एक दिवस माझ्यापुढं मोबाईल ठेवून म्हणाली, आबा, ती गोष्ट सांगा, प्रबंधात घ्यायची आहे. मी पहिलं वाक्य टाकलं. ती गप्प. दुसरं टाकलं. नुसती मान हलवते.

"हूं म्हण की."

"नाय म्हणता येत, आबा. सर म्हणतात, टेपात संशोधकाचा आवाज यायला नको. गोष्ट बिघडते."

"तुझ्या सरांची बिघडत असंल. माझी त्याबिगर चालत नाय."

आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो. मग तिनंच तोड काढली. सरांनी बालसाहित्याचं चर्चासत्र भरवलंय, तिथं सांगा, मी टेप करते, सभागृहभर माणसं असतील, कुणीतरी हूं म्हणंलच. तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या गोष्टीपायी अडलं होतं, हे मला ठाऊक होतं. पटका बांधून गेलो.

सकाळपासून निबंधांचं वाचन चाललं. मुलांना काय रुचतं, मुलांची कल्पना कुठवर जाते, गोष्ट मुलांना काय देते. सगळं मुलांचं, आणि सभागृहात एक पोरगं नाय. शेजारच्या प्राध्यापक बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, आज रविवार, मुलं घरी असतात. मग शाळेच्या दिवशी ठेवायचं होतं, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, शाळेच्या दिवशी मुलं शाळेत असतात."

जेवणानंतर माझी पाळी आली. एक होती लंगडी मेंढी, म्हटलं आणि थांबलो. कुणी हूं म्हणेना. एवढी शिकलेली माणसं, वहीत मान घालून लिहीत होती. मी पुन्हा तेच वाक्य टाकलं. पहिल्या रांगेतला एकजण गालात हसला. म्हाताऱ्याला विसर पडला असं वाटलं असावं. हूं म्हणा असं मी सांगायला पाहिजे होतं म्हणता? मागून घेतलेलं हूं काय कामाचं? सरांच्या शेजारी नात बसली होती. मी तिच्याकडं बघितलं. तिला सगळं कळत होतं. तिनं सरांकडं बघितलं, मग वहीत.

"मेंढी निघत नाय," एवढं म्हणून मी खाली बसलो. त्यावर टाळ्या पडल्या. आभार मानताना सर म्हणाले, हा गोष्टीचा मुक्त शेवट आहे.

रिक्षात नात रडली.

"पाच मिनिटं नुसती सांगून टाकली असती तर काय झालं असतं?"

"आणि तू एकदा हूं म्हटलं असतं तर?"

"सगळ्यांसमोर, आबा?"

ते प्रकरण गाळून तिनं प्रबंध दिला. पदवी मिळाली, मी गल्लीत पेढे वाटले. मग चर्चासत्राचं पुस्तक निघालं. त्यात छापलंय, 'वेळेअभावी कथा अपूर्ण राहिली.' वेळ होता. माझ्यामागं नुसता चहा होता, आणि तोही उशिरा आला.

पुस्तक घेऊन नात माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आता टेप नाय, सर नाय. मी हूं म्हणते. सांगा."

पहिलं वाक्य ओठाशी आलं होतं. पण म्हटलं, "आधी ते वेळेअभावी खोड. तिथं लिही, हूं कुणी म्हटलं नाय."

"छापलंय, आबा. सगळीकडं वाटूनही झालं."

"आपल्या घरचं तरी खोड."

तिनं पेन घेतलं, टोपण काढलं, पान बराच वेळ धरून ठेवलं. छापील पुस्तकावर तिचा हात चालेना. शेवटी पुस्तक कपाटात ठेवून ती आत चहा टाकायला गेली. मीपण हाक मारली नाय.